माझी किंमत आणि अप्पारावांची फुंकर

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, मित्रांनो. निदान सगळे मला तसं म्हणतात. खरा गेम असतो कॅसेटमध्ये, मी नुसता टीव्हीला जोडायचा डबा. पण आमच्या उस्मानपुऱ्यात डब्यालाही गेम म्हणतात आणि कॅसेटलाही. तेव्हा मी नेमका कोण, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. माझ्या पाठीवर कुणाचंच नाव नाही. सुरेखा शाळेत असताना तिच्या वडिलांनी, अप्पारावांनी, मला औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलं. अभ्यास संपल्यावरच खेळायचं, अशी अट त्यांनीच घातली आणि सुरेखा शिकवणीला गेली की स्वतःच खेळत बसले. काय लाड होते माझे! मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदा अप्पारावांना अर्धांगवायूचा झटका आला. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळू लागले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: गाल फुगवा, फुंकर मारा. अप्पाराव भिंतीकडे तोंड फिरवत. "म्या काय ल्हान पोरगं हाय व्हय?" एवढंच म्हणत, तेही अर्धं ओठांतच राहायचं. सुरेखाला काळजी लागली, अप्पांचं बोलणं असंच राहतं की काय. निदान त्यांचं मन रमावं म्हणून तिनं त्यांना रिक्षात बसवलं आणि मला पिशवीत घातलं. मला देऊन नवा गेम घ्यायचा होता.

दुकानदार फकिरानं मला आणखी दोन डब्यांशेजारी मांडलं.

"ताई, हा जपानी, असली, जुना. सोळा बिटचा, म्हंजी ताकद दुप्पट. आठ हजार. हा नवा, मुठीएवढा. कॅसेटच नाय, हजारो गेम पोटातच. दोन हजार. आन् तुमचा हा आठ बिटचा, नकली. याचं काय देऊ?"

मित्रांनो, माझं डोकंच चालेना. जपानी महाग, कारण तो जुना. मी कवडीमोल, कारण मी जुना! नवा सगळ्यांत हुशार, तरी जपान्याहून स्वस्त, आणि त्याच्या पोटातले कितीतरी गेम तर माझेच. मग किंमत वयाची, अकलेची की नावाची?

"चालू तरी हाय का बघू," म्हणत फकिरानं माझ्यात कॅसेट घातली. पडदा नुसता करडा. तेवढ्यात अप्पारावांनी चांगला हात पुढे केला, कॅसेट उपसली, तोंडाशी नेली आणि फुंकली. सगळी हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटली. त्यांनी पुन्हा फुंकली.

"काका, फुंकू नका! थुंकी उडती, पिना गंजत्यात. असंच लई डबे मेले."

"फुंकू द्या त्यांना," सुरेखा म्हणाली.

वाकडा गाल जरासा फुगला. त्यांनी कॅसेट परत माझ्यात बसवली आणि पडद्यावर चित्र आलं.

"बघ, सुरे," अप्पाराव म्हणाले. अगदी स्पष्ट.

नवा गेम न घेताच सुरेखानं मला घरी आणलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. कॅसेटमध्ये कधी फुंकू नका, कापसानं पुसा. हे मी मनापासून सांगतो. पण आमच्या घरी अप्पाराव चालू खेळातूनही कॅसेट काढून फुंकतात. माझ्या पिना हिरव्या पडत चालल्या आहेत, चित्र थरथरतं, मी किती टिकेन ते कळत नाही. आणि तरीही त्यांचा गाल फुगला की मी मनातल्या मनात म्हणतो, अजून एकदा, अप्पाराव. जोरात.