पहिले सहाशे मीटर

दूध उतू जायला साडेसहा मिनिटं लागतात. गॅस मोठा असेल तर चार.

दारावरची बेल आणि बाबांचं "कोण आहे" यात दोन सेकंद. ते दाराशी पोचेपर्यंत अकरा.

ट्रेनर माणसांशी बोलताना घोड्याकडे बघतो.

पाच घोडे असे आहेत, की पुढे कोणी दिसलं तर त्यांना चारा गोड लागत नाही.

तबेल्यात सहा वर्षांच्या एका घोडीला आत्या म्हणतात, कारण ती सगळ्यात शेवटी निघते आणि जेवायला पहिली हजर असते.

रविवारी या सगळ्यांची गाठ पडायची होती. दूध सोडून.

बाबा निवृत्तीआधी बस आगारात वेळापत्रकं करायचे. आता शर्यतींचं पत्रक काढतात. घोड्याचं कूळ, मालकाचं नशीब, जॉकीचा चेहरा, कशाकडेही ते ढुंकून बघत नाहीत. पहिले सहाशे मीटर किती सेकंदांत गेले, एवढंच. छत्तीस लागले तर पुढचे शेवटी गळपटतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. चाळीस लागले तर कोणीच दमत नाही. पुढे असतो तो पुढेच राहतो.

रविवारी पुढे पळणारे पाच. ते एकमेकांचा जीव काढणार आणि आत्या मागून येणार, असा बाबांचा हिशेब होता. आत्यावर त्यांची मुलगी बसणार होती. ट्रेनरने तिला, घोडीकडे बघत, सांगितलं होतं की पहिल्या दोनात आली नाहीस तर शनिवारपासून दुसरा जॉकी. आत्या गेली की तिच्याकडे बसायला घोडाच उरत नव्हता.

"हे छापू नका, बाबा," मुलगी म्हणाली.

"का? बरोबर आहे."

"म्हणूनच. ते पाचही जॉकी वाचतील आणि लगाम खेचून बसतील."

"वाचायलाच छापतात."

"मी तुमची मुलगी आहे."

"ते पत्रकात येत नाही," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

छापलं.

दोनशे मीटर. दाराशी अडलेल्या पाहुण्यांसारखं पाचही जणांचं तुम्ही आधी, नाही नाही तुम्ही आधी चाललं होतं.

चारशे मीटर. घड्याळाशिवाय सेकंद मोजायला बाबांनी तिला पाचव्या वर्षीच शिकवलं होतं, इतर मुली पाढे शिकत होत्या तेव्हा. मनात सत्तावीस झाले. पंचवीस हवे होते. कागदाप्रमाणे तिने शेवटच्या वळणापर्यंत मागेच बसायचं होतं. तिने कागद सोडला आणि आत्याला बाहेरून पुढे काढलं.

सहाशे. चाळीस सेकंद. आत्या पहिली. पुढे कोणीच दिसेना, तेव्हा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे तिने कान फिरवले, आणि आता आलोच आहोत तर, म्हणून पळत राहिली.

शेवटचा सरळ टप्पा. पाचांपैकी एकाने अगदी शेवटी तिच्यापुढे मान काढली. एकानेच.

ट्रेनर आला. आत्याच्या मानेवर थाप मारून आत्यालाच म्हणाला, "शनिवारी हीच बसेल." मुलीने आभार मानले. तेही आत्याकडे बघूनच.

घरी बाबा टेबलाशी बसले होते. वहीत लिहिलं होतं: गती संथ, अंदाज चुकला. मुलीने सांगितलं, कारणही लिहा. कारणाला रकाना नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"सत्तावीसला निघालीस?"

"सत्तावीसला."

"मला साडेसव्वीस मिळाले."

"तुमचं घड्याळ मागे असेल," ती म्हणाली आणि बूट काढायला बसली.

शनिवारच्या पत्रकाचा मजकूर बाबांनी रविवारी सकाळी, शर्यतीच्या आधी, छापखान्यात दिला होता. पाचही जण लगाम खेचणार हे धरूनच त्यात आत्यावर दुसऱ्या जॉकीचं नाव होतं.