बासष्टनंतर पासष्ट

"मावशी, या पुस्तकात बासष्टनंतर एकदम पासष्ट आलंय," भाची म्हणाली आणि तिनं पुस्तक काउंटरवर ठेवलं. ताईचा शिक्क्याचा हात तिथंच थांबला.

ताई या वाचनालयाची कारकून. घरात थोरली म्हणून ताई, आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर पिकल्या केसांचे वाचकही तिला ताईच म्हणत. पुस्तक तिनं न उघडताच ओळखलं. हातानं करायच्या वस्तूंचं, निळ्या कापडी बांधणीचं. ते तिनं सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे कोंबून ठेवलं होतं. पण पोरं ती पोरंच. चढली असणार स्टुलावर.

"वाळवी लागली असेल," ताई म्हणाली.

"वाळवी मोजून एकच पान खाते होय?" भाची अकरा वर्षांची, पण वकिलाच्या वरताण. "आई म्हणते, कुठलीही गोष्ट हातात घेतली की आधी नीट तपासायची. म्हणून मी आकडे बघितले. मला मेणबत्त्या करायच्यात."

"ठेव ते इथं. फाटकं पुस्तक घरी देता येत नाही."

"पण मावशी..."

"ठेव म्हटलं ना."

ताई भाचीवर कधी आवाज चढवत नसे. पोरीचं तोंड एवढंसं झालं आणि ती मुकाट्यानं निघून गेली. घरी जाऊन ती आईला सगळं सांगणार, पानांच्या आकड्यांसकट, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. पुढचे दोन तास तिनं तीन पुस्तकांवर चुकीच्या तारखेचे शिक्के मारले.

आता सांगायचं तर गोष्ट साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच जास्त लाजिरवाणी. तीस वर्षांपूर्वी हेच पुस्तक दोघी बहिणींनी याच वाचनालयातून नेलं होतं. ताई तेरा वर्षांची, धाकटी दहाची. धाकटी त्या पुस्तकावर जीव टाकायची. त्यात वाचून तिनं पुठ्ठ्याची पेटी केली, काड्यांचा पूल केला, दोऱ्याचा पंखा केला. एकेक कृती दोन-दोनदा वाचायची आणि मगच हात लावायची. ताईला वस्तू करण्याचा कंटाळा. तिला नाद चिकटवहीचा. पक्ष्यांचं चित्र दिसलं की ते तिला हवंच असायचं, मग ते वर्तमानपत्रात असो, खोक्यावर असो की दुसऱ्याच्या वहीत. आणि या पुस्तकात चौसष्टाव्या पानावर हंसाच्या आकाराची मेणबत्ती होती, पानभर, मान वळवलेली. ताईनं एका दुपारी पट्टी लावून ते पान अलगद फाडलं आणि वहीत डकवलं. मागं त्रेसष्टाव्या पानावर काय लिहिलंय ते तिनं बघितलंसुद्धा नाही.

बासष्टावं पान संपत होतं, 'मेणाचे तुकडे डब्यात घ्यावेत.' पासष्टावं सुरू होत होतं, 'आता वितळलेले मेण साच्यात ओतावे.' वाचणाऱ्याला काही तुटलंय अशी शंकाही येऊ नये. धाकटीनं डबा सरळ शेगडीवर ठेवला. मेण पेटलं, घाबरून तिनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, आणि भडका उठला. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

"पुस्तकात एवढं लिहिलेलं असतं आणि या बयेला धड वाचता येत नाही," असं म्हणून वडिलांनी ते पुस्तक परत नेऊन आपटलं. पानं कुणी मोजली नाहीत. त्या दिवसापासून धाकटीचं नाव पडलं धांदू, म्हणजे धांदरट. आधी घरात, मग नातेवाइकांत, मग शाळेत. आणि ती वागायला लागली ती नेमकी उलट टोकाची. गॅसची कळ तीनदा तपासायची, कुलूप तीनदा ओढून बघायची. वस्तू करणं तिनं सोडलं ते कायमचंच. आज ती कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. तिच्या हाताखालून उसवलेली शिवण जात नाही, असं तिथले लोक कौतुकानं सांगतात. ताईला मात्र ते कौतुक ऐकवत नसे.

कारण ताईला माहीत होतं. धाकटी दवाखान्यात होती त्याच आठवड्यात ताईनं चिकटवहीचं पान दिव्यासमोर धरलं होतं. मागची अक्षरं उलटी दिसत होती, पण लागत होती. उद्या सांगू म्हणाली. मग परवा. मग जखम भरल्यावर. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

वाचनालय बंद करून ताई ते पुस्तक घेऊन घरी गेली, माळ्यावरून चिकटवही काढली, आणि दोन्ही वस्तू पिशवीत घालून बहिणीच्या दारात उभी राहिली. पुस्तक रद्दीत घालून हात झटकता आले असते. रस्ताभर ती तोच विचार करत होती, हेही लपवायला नको.

धाकटी ओट्यापाशी होती. "ये गं ताई. आमचं रत्न रुसून बसलंय आतल्या खोलीत. म्हणते मावशी ओरडली. बरं केलंस. मेण आणि विस्तव, नकोच ते. माझ्यावर गेली असेल तर?"

"तुझ्यावर गेली म्हणूनच तिनं पानं मोजली," ताई म्हणाली आणि तिनं वही उघडून ओट्यावर ठेवली. शेजारी पुस्तक ठेवलं, बासष्ट आणि पासष्ट समोरासमोर.

धाकटीनं आधी हंस बघितला. मग पुस्तक. मग वहीचं ते पान उचलून दिव्यासमोर धरलं. उलटी अक्षरं ती बोट ठेवून, अडखळत वाचायला लागली.

"'मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. मोठ्या भांड्यात पाणी... उकळून, त्यात डबा ठेवावा. मेण पेटल्यास पाणी ओतू नये.'" ती थांबली. "मी वाचलं होतं, ताई. दोनदा वाचलं होतं. मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांना ते दिसलं नाही."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

धाकटीनं वही खाली ठेवली. रडेल, ओरडेल, असं ताईला वाटत होतं. पण धाकटी हिशोब लावत होती, वर्षांचा.

"म्हणजे आई आजारी होती तेव्हाही."

ताईनं होकारार्थी मान हलवली.

"आई म्हणाली होती, औषध ताईच देईल, धांदूचा भरवसा नाही. दोन महिने मी तिच्या उशाशी झोपले. एक चमचा औषध मला देऊ दिलं नाही तिनं. तू यायचीस, द्यायचीस, जायचीस. तेव्हा तरी बोलायचं होतंस गं. ती ऐकत असताना."

"धीर झाला नाही," ताई म्हणाली. तिला स्वतःची किळस आली.

धाकटीनं आतल्या खोलीकडे बघून मुलीला हाक मारली. पोरगी डोळे पुसत आली आणि आईला चिकटून उभी राहिली.

"हे गहाळ पान," धाकटी म्हणाली. "कुणी फाडलं ते मावशी सांगेल."

ताईनं सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. पोरगी ऐकत होती आणि आईच्या हातावरच्या त्या डागावरून बोट फिरवत होती.

"मग आजी, मामा, सगळे आईला धांदू का म्हणायचे?" तिनं विचारलं.

"कारण मी गप्प बसले."

पोरगी मावशीकडे बघत राहिली. नेहमीसारखी तिच्या मांडीवर येऊन बसली नाही.

"उद्या करू आपण मेणबत्त्या," धाकटी मुलीला म्हणाली. "पाण्यात डबा ठेवून." ताईला ये म्हणाली नाही, येऊ नकोसही म्हणाली नाही. तिनं वळून गॅसची कळ बंद केली आणि हात लावून पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली. आणि ताई दारात चपला घालत असताना, आणखी एकदा.