खालचा खण

सकाळी उठल्यापासून देवापुढे पूजेचा दिवा लागेपर्यंत ती बोलत नसे. हे मौन तिनं साथीच्या काळात धरलं आणि साथ सरली तरी सोडलं नाही. तिचा नवरा चष्मेवाला. "घरात एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच," असं तो आपल्या बहिणीला फोनवर सांगायचा.

पुढे कधीतरी तो नेमका त्याच वेळी बोलू लागला. एरवी काही विचारलं तर "हं", "बरंय", फार तर "मीठ दे". पण ती देवाची भांडी घासायला बसली की हा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. आपलं मौन मोडायलाच बसतो मेला, असं तिच्या मनात यायचं आणि ती पाठ करून घासत राही.

बोलणं एकाच गोष्टीचं. दुकानाच्या खालच्या खणात साथीच्या आधी डोळे तपासून गेलेल्यांचे चष्मे होते. तयार होते, पण न्यायला कुणी आलंच नव्हतं. दुकान उघडलं की तो आधी ते पुसायचा. शिवणवालीच्या कानामागे काडी टोचायची, म्हणून ती मुद्दाम वाकवून ठेवली होती. गणिताच्या मास्तरांची भिंगं पुन्हा घासून घेतली होती, कारण मास्तर फार चिकित्सक. हल्ली झोप लागत नाही, हेही तो त्याच ओघात सांगून गेला, काड्यांच्या आणि भिंगांच्या मध्ये कुठंतरी.

साथीनंतर तीही कोसळली होती. बसल्या जागी रडू यायचं, छातीत धडधडायचं. तेव्हा तिची बहीण येऊन राहिली, नणंदेनं मनाच्या चांगल्या डॉक्टरीणबाई शोधल्या. नवरा दर वेळी तिला घेऊन जायचा आणि बाहेर बाकावर बसायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. "आमचा दादा म्हणजे खांब," नणंद कौतुकानं म्हणायची. ती स्वतः रोज देवाजवळ एकेकाचं नाव घेऊन बरं मागायची. त्यात नवऱ्याचं नाव नसायचं. खांबासाठी काय मागायचं?

एका सकाळी तो म्हणाला, "काल मास्तरांचा चष्मा घालून बसलो. समोरचं काहीच दिसेना. बरं वाटलं."

तिचा घासता हात थांबला. दिवा अजून लागायचा होता, तरी ती बोलली, "अहो, टाकून द्या ना ते सगळे. जिवाला कशाला त्रास?"

भिंतच बोलली असावी तसा तो तिच्याकडे बघत राहिला. मग "हो, बघू" म्हणाला, कप विसळून ठेवला आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चहा बाहेरच्या खोलीत घेतला. तिसऱ्या दिवशीही. ती भांडी घासताना दाराकडे तोंड करून बसू लागली, पण दार रिकामंच. नेम मोडला म्हणून एखादा उपास करावा, असं तिच्या मनात आलं. पण उपासानं देव निवला असता. ह्या माणसाचं काय? डॉक्टरीणबाईंनी तिला कधी 'टाकून दे' म्हटलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं. आणि हा इतके महिने बोलत होता, तेव्हा ती आपल्या नेमाची राखण करत पाठ फिरवून बसली होती. देवापुढे हात जोडले तरी मान वर होईना.

दुपारी ती दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. "काय गं?" त्यानं विचारलं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून तिनं खालचा खण ओढला, मऊ फडकं घेतलं आणि वरचा चष्मा पुसायला लागली.

"आत्ता कसलं मौन?"

ती पुसत राहिली. बऱ्याच वेळानं तो शेजारच्या स्टुलावर टेकला.

"असं नाही, गोल पुसायचं. भिंगाला ओरखडे पडतात," तो म्हणाला. "हा शिवणवालीचा. तिची मुलगी रोज समोरून जाते. बोलवायचा धीर होत नाही."

तिनं गोल पुसलं. तो बोलत गेला, थांबला, पुन्हा बोलला. शेवटी खणाकडेच बघत त्यानं विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई पुरुषांना बघतात का गं?"

ओठांवर आलेलं सगळं तिनं गिळलं आणि नुसती मान डोलावली. एवढ्या जोरात, की तिचा स्वतःचा चष्मा नाकावरून घसरला. त्यानं तो हात लांबवून नीट बसवला. "काडी सैल झालीय," तो म्हणाला, आणि बारका पेचकस शोधू लागला.