खिंडीतली मोजणी

एलियाच्या पोटात मी एक मॉप विसरले, असं मी चार वर्षं धरून चालले होते. मॉप म्हणजे ऑपरेशन चालू असताना रक्त टिपायला पोटात ठेवतात ते जाड कापड. टाके घालायच्या आधी सगळे मॉप मोजून घेणं हे नर्सचं काम, म्हणजे माझं. एखादा आत राहिला तर माणूस आठवड्याभरात जाऊ शकतो. नाहीतर वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि मग एक दिवस आतून पू होतो.

म्हणून त्या ऑपरेशनचे सर्जन डॉ. रमण यांचा मेसेज आला तेव्हा मी तो वाचून तशीच बसून राहिले. 'विनया, खिंडीतला आपला पेशंट जिवंत आहे. तुझ्याजवळच, ऑकलंडच्या पापाकुऱ्यात राहतो. बायको तुझा पत्ता विचारते आहे.'

"अगं, माणूस जिवंत आहे म्हणतायत आणि तू सुतकी चेहरा करून काय बसलीस?" शिरीष म्हणाला.

"नऊच भरले होते, शिरीष."

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. चार वर्षांत त्याने ते इतक्यांदा ऐकलं होतं की दुसरा नवरा असता तर कानात बोळे घातले असते.

त्या देशाचं नाव मी सांगत नाही; रूथची, म्हणजे एलियाच्या बायकोची, आई अजून तिथेच आहे. मी इथल्या हॉस्पिटलातून तीन महिन्यांची रजा काढून एका मदतपथकाबरोबर गेले होते. सरकारी फौज खालून दरी जाळत वर सरकत होती. आमचं हॉस्पिटल म्हणजे तीन तंबू आणि मेंढरांचा एक दगडी गोठा. आणि गोठ्याच्या मागे ती खिंड. पहिल्या दिवशी मी मान वर करून बघितलं आणि ढगच समजले. ढग सरकला तेव्हा कळलं, की ढगाच्याही वर डोंगर आहे, डोंगरात एक खाच आहे आणि त्या खाचेकडे मुंग्यांसारखी माणसं चालली आहेत. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, बर्फातून. मी हात जोडले. डोंगराला की माणसांना, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

एलियाला दुपारी आणलं. पोटात बाँबचा तुकडा. दिवा धरायला माणूस नव्हता, म्हणून रूथच बॅटरी धरून उभी राहिली. नवऱ्याचं पोट उघडं आणि हिचा हात जराही हलला नाही. मी दहा मॉप मोजून काढले.

तिथे मी मराठीत मोजायचे. ऑकलंडमध्ये वन-टू करते, पण तिथे रमण सोडले तर ऐकायला कोण होतं? आणि रमण पडले तमिळ. त्यातून माझ्या वडिलांचं बार्शीला धान्याचं दुकान. माप घालताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. लहानपणापासून तेच तोंडात बसलेलं.

रमण टाके घालायला लागणार तोच खालच्या वळणावर तोफगोळा पडला. तंबूची दोरी तुटली. मी वापरलेले मॉप भराभर मोजले. नऊ. परत मोजले. परत नऊ. रमणनी पोटात हात घालून चाचपलं, काही लागेना. दुसरा गोळा गोठ्यावर पडला. "क्लोज करतोय," ते म्हणाले. मी चिठ्ठीवर 'एक मॉप कमी' असं लिहून ती एलियाच्या मनगटाला बांधली, आणि चार माणसं त्याला उचलून खिंडीकडे गेली. आम्हाला दुसऱ्या वाटेने काढलं.

एवढीच गोष्ट. पण ती घेऊन मी चार वर्षं झोपले आणि उठले.

मेसेज आल्यावर अकरा दिवस मी टाळाटाळ केली. बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, शिरीषने मला गाडीत घातलं. "मी बाहेर थांबतो," तो म्हणाला, "पण तू पळून आलीस तर दार उघडणार नाही."

रूथने दार उघडलं आणि माझे दोन्ही हात धरले. आत एलिया उभा होता. उभा! पुकेकोहेच्या मळ्यांत कांद्याची पोती उचलतो म्हणे. मी त्याच्याकडे बघतच राहिले. ती खिंड मी पाहिली होती. ती ओलांडून आलेला माणूस माझ्यासाठी चहात साखर घालत होता.

मी चहाला हात लावला नाही. "आधी ऐका," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. कापड, मोजणी, चिठ्ठी. "माझी चूक आहे. पोटाचा एक्स-रे काढायला हवा. मी बरोबर येईन."

चिठ्ठीचा बर्फात लगदा झाला होता. पलीकडे चार महिने डॉक्टरच नव्हता. एलियाने पोटावर थाप मारली. "स्वीट ऍज," तो म्हणाला; म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'.

रूथ मात्र गोंधळली होती. "पण तुम्ही तर प्रार्थना केलीत," ती म्हणाली. "शेवटी, गोळा पडल्यावर. दोनदा. मी पाठ केली."

"कसली प्रार्थना?"

"तिच्यावरच तर आम्ही वर चढलो." तिचं इंग्रजी तुटक होतं, पण शब्द शोधून शोधून ती सांगत राहिली. चढ इतका उभा, की दहा पावलांवर उचलणाऱ्यांचे पाय थरथरायचे. तेव्हा ती पुढे चालून माझे शब्द मोठ्याने म्हणायची; एका पावलाला एक शब्द. शब्द संपले की खांदेकरी बदलायचे. रांगेतून नवे चार जण पुढे यायचे. कुणाचा कोण, कुणी विचारलं नाही. मग मागचे लोकही म्हणायला लागले, त्यांच्या मागचेही. धुक्यात रांगेचं टोक दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. दोन दिवस.

मी दोनदा म्हटलं होतं ते म्हणजे मॉपची मोजणी. बार्शीच्या दुकानातली मोजणी त्या खिंडीत, शेकडो तोंडांनी!

"म्हणून दाखव," मी म्हटलं.

रूथ उभी राहिली आणि जागच्या जागी पावलं टाकू लागली. एलियाही म्हणू लागला. उच्चार लचकत होते, पण शब्द स्वच्छ होते. "लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ."

"परत," मी म्हटलं.

या वेळी मी बोटांवर मोजलं. लाभला अंगठा, एकला दुसरं बोट. नऊला दोन्ही हातांची बोटं संपली.

"लाभ म्हणजे देव का?" रूथने विचारलं.

"नाही गं. लाभ म्हणजेच एक. पहिल्याला आम्ही तसं म्हणतो. त्याच्यानंतर एक म्हणायचं नसतं."

"पण तुम्ही म्हणालात."

"हो," मी म्हटलं. "घाबरले होते." आणि चहाच्या कपापुढे डोकं टेकून मी ढसाढसा रडले. एलिया बिचारा साखरेचा डबा घेऊन उभाच राहिला.

एक्स-रे गुरुवारी काढायचं ठरलंच. मी नर्स आहे, नुसत्या गाण्यावर विसंबणारी बाई नाही. बाहेर आले तेव्हा शिरीषने गाडीचं दार आतून उघडलं आणि माझे डोळे बघून घाबरला.

"काय झालं?"

"दहा होते," मी म्हटलं.