माझ्या अंगावर हरवलेला माणूस

मी सिनेमाचा पडदा बोलतोय. तसा मी साधा मांजरपाट, जाडंभरडं सुती कापड. खालापूरच्या लडकूनं मला आणलं आणि आवडी नावाच्या त्याच्या बायकोनं चार पट्टे जोडून शिवलं. वर खळीत कालवलेली खडूची पूड फासली. मधली शिवण जरा तिरकी गेली, त्यामुळे माझ्यावर आलेल्या प्रत्येक राजाच्या नाकाला बाक यायचा.

तेव्हा चित्रं मुकी होती. लडकू यंत्राचा दांडा फिरवायचा आणि बुधाजी माझ्या शेजारी उभा राहून इंग्रजी पाट्यांचा अर्थ ओरडून सांगायचा. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण गोष्ट कधी अडली नाही.

१९२८ च्या शिमग्यानंतर दहिवलीतल्या भाताच्या गिरणीचं गोदाम रिकामं होतं. फटींना गोणपाटं लावून आम्ही तिथं भर दुपारी खेळ लावला. असलं विचित्र चित्र माझ्या अंगावर आधी कधी उमटलं नव्हतं. एक शास्त्रज्ञ तांब्याचं कपाट बनवतो, आत अंधार म्हणून काडी पेटवतो, आत शिरतो आणि नाहीसा होतो! दाराच्या काचेतून पाहावं तर आत कुणी नाही. दाराला बाहेरून कुलूप, आणि किल्ली कुठंच सापडत नाही. घरातली मोलकरीण एक शब्द बोलत नाही. आठव्या दिवशी शिपायाला तिच्याच कमरेला किल्ली दिसते.

"हिनंच मारला गं त्याला! बघा, कशी मुकी बसलीय," पुढच्या रांगेतून गोदूबाई म्हणाली.

आणि तिथंच फीत तुटली. मी पांढराफटक.

लोक उठले. "चला, कळलं समदं."

"बसा रं!" मागून आवाज आला. ती पळसदरीची सोनुबाई. वर्षापूर्वी गोदूबाईची म्हैस आटली, तेव्हा 'सोनुबाईची नजर लागली' असं गोदूबाईनंच गावभर केलं होतं. तेव्हापासून सोनुबाईशेजारी कुणी बसत नसे. आजही ती खांबाला टेकून एकटीच होती. "अजून कपाट उघडलं नाय. बाई बोलत नाय म्हंजे तिनंच केलं, असं कुणी सांगितलं तुमाला?"

दोघं-चौघं बसले, मग बाकीचेही. लडकूनं घाईघाईनं फीत कापून चिकटवली. मी दोऱ्या ताणून धरल्या होत्या. आता पुन्हा तुटली तर त्या खांबाजवळच्या बाईचं काय होईल, हेच माझ्या मनात होतं.

शिपाई मोलकरणीला बेड्या घालतो. घड्याळात ठोके पडतात. कपाट आतून हलतं, शिपाई किल्ली फिरवतो, दार उघडतं आणि शास्त्रज्ञ बाहेर येतो. त्याच्या हातातली काडी अजून जळतेय!

बुधाजी अर्थ सांगायचंच विसरला.

"आरं, जिता हाय!" कुणीतरी ओरडलं.

"आठ दिवस पुढं फेकला गेला व्हता तो!" बुधाजीला एकदम कंठ फुटला. "त्याला वाटतंय आत्ताच आत गेलो. कुणाला सांगू नको, किल्ली देऊ नको, असं त्यानंच तिला बजावलं व्हतं!"

काय तो जल्लोष! टोप्या उडाल्या. खांबाजवळ सोनुबाई पदरात तोंड घालून हसत होती, की रडत होती, मला दिसलं नाही.

गोदूबाई उठून तिच्याकडं गेली. "सोनू, म्हशीला चाराच कमी पडला व्हता गं. मला ठावं व्हतं."

"मंग?"

"लाज वाटली सांगायला. तुझं नाव पुढं केलं."

सोनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात लोकांनी गलका केला, "शेवट पुन्यांदा लाव रं!"

"सरक जरा," सोनुबाई गोदूबाईला म्हणाली. "माझ्या म्होरं उभी राहू नको, दिसत नाय."

गोदूबाई तिथंच, तिला खेटून बसली. माझ्या चारी दोऱ्या सैल झाल्यासारखं वाटलं.

पुढं बोलपट आले आणि लडकूचं यंत्र बंद पडलं. सोनुबाईनं मला मागून घेतलं. आता मी पळसदरीच्या अंगणात असतो. खडू कधीच धुऊन गेला, माझ्यावर तांदळाच्या पापड्या वाळतात. दोघी त्या उलटता उलटता अजून वाद घालतात, काडी आठ दिवस विझली कशी नाही म्हणून. बुधाजी आला की त्यालाही त्यात ओढतात.

म्हातारपणी मला एवढं पुरे आहे. फक्त ऊन उतरलं की घडी हळू घाला, मधली शिवण उसवत चाललीय.