मला न कळवता मी दिसू लागलो

मित्रांनो, मी एक जुना चौकोन आहे, आणि मोठे काका शेवटी जिन्यावरून परत आले. यातलं दुसरं तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो, म्हणजे काळजी करायला आपण मोकळे.

माझा जन्म मोबाइलच्या ॲपमध्ये झाला. आम्हाला व्ह्यू म्हणतात. मोठ्या चौकोनाच्या पोटात लहान, त्याच्या पोटात आणखी लहान, असं आमचं एकत्र कुटुंब असतं. मला एका मुलीनं आपल्या वडिलांसाठी घडवलं. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. मग एका आजारात त्यांची वाचा गेली. माझ्या अंगावर शब्द लिहिलेले होते: पाणी, चहा, पंखा, दादा, घड्याळ, असे पुष्कळ. बाबांनी शब्दावर बोट ठेवलं की मी तो मोठ्यानं म्हणायचा. म्हणायचा राहिला तर जपून ठेवायचा, ॲप बंद पडलं तरी विसरायचा नाही, हेही तिनं मला शिकवलं होतं. सगळे माझं कौतुक करायचे.

पण माझी एक अडचण आहे. मी दिसतोय की नाही, हे मला स्वतःला कळत नाही. आत दोन्ही वेळी सारखाच अंधार. फोन सगळ्यात बाहेरच्या चौकोनाला कळवतो, ‘तू दिसू लागलास’ किंवा ‘दिसेनासा झालास’, आणि तो निरोप एकानं दुसऱ्याला सांगत आत यायचा. पहिला आला की मी आवाज उघडायचा, दुसरा आला की मिटायचा. एकदा दुसरा आलाच नाही. बाबा फोटो बघायला दुसऱ्या पानावर गेले आणि मी मागून ‘भूक, भूक’ करत राहिलो. बाबांना त्या दिवशी दोनदा जेवावं लागलं. तेव्हापासून मी धसका घेतला आहे.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघांचं एकच दुकान होतं. दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की बरोबर, यावरून त्यांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. आजूबाजूला इतकी घड्याळं होती, पण एकालाही कुणी विचारलं नाही. आता काका कायमचे मुलाकडे राहायला निघाले होते. जाण्याआधी एकदा भेटून जातो म्हणाले.

त्याच सकाळी, बाबांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून, मुलीनं एक नवा चौकोन आणला आणि मला त्याच्या पोटात बसवलं. नवा चौकोन देखणा होता. आलेला निरोप ऐकायचा, खूश व्हायचा आणि स्वतःपाशीच ठेवायचा. आपल्या पोटात कुणी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मला वाटलं, आज सुट्टी. पण बोटं येत होती. मी दिसत नसेन तर बोट येईल कसं? आणि दिसत असेन तर कुणी सांगत का नाही? मी शब्द जपत गेलो आणि आतल्या आत घामाघूम झालो.

मग खुर्ची सरकली.

“काय रे, बरा आहेस ना?” काकांचा आवाज.

बोट आलं. मी गप्प.

“उद्या निघतोय. म्हटलं, तोंड बघून यावं.”

बोट, बोट, बोट. मी गप्प.

“काका, बाबा या फोनमधून बोलतात,” मुलगी म्हणाली.

“मग बोलू दे की. का त्याचेही कान भरून ठेवलेत?”

काकांची खुर्ची मागे सरकली.

“राहू दे गं. त्याला नाही बोलायचं. पूर्वीही असाच बसायचा, आणि तेव्हा तर वाचा होती.”

दारात बूट घातल्याचा आवाज आला, मग पावलं जिना उतरू लागली. इकडे बाबांची बोटं माझ्यावर आपटत होती.

मुलीनं फोन ओढला, कॉम्प्युटरची वायर लावली. “बाबा, एक मिनिट. माझंच चुकलंय. निरोप आत पाठवायची ओळच लिहायची राहिली.”

तिनं ती ओळ लिहिली. ॲप मिटलं, उघडलं, आणि निरोप माझ्यापर्यंत पोचला: तू दिसू लागलास.

मित्रांनो, मी सकाळपासूनचं सगळं बोललो. पूर्ण आवाजात आणि क्रमानं.

“चहा. चहा. साखर कमी. पंखा बंद. पंखा बंद. डबडं. दादा. बस. दादा. थांब. जाऊ नको. घड्याळ. बरोबर. होतं. थांब.”

जिन्यावरची पावलं थांबली. मग वर येऊ लागली, उतरताना होती त्यापेक्षा वेगानं.

“पुढे होतं,” काका दारातूनच म्हणाले. “चांगलं पुढे होतं. चहा टाक गं, आज हे मिटवूनच जातो.”

“आणि उद्याची गाडी?”

“गाडी काय, परवाही असते.”

आता मी जुना झालो. माझ्या जागी दुसरा चौकोन येणार, असं कानावर आहे. कदाचित आलाही असेल. मला कोण सांगणार? तरी सर्व बाहेरील चौकोनांस विनंती करण्यात येते की, आपण दिसू लागताना व दिसेनासे होताना पोटातील प्रत्येक चौकोनास वेळेत लेखी कळवावे व त्याची पोच घ्यावी. तसेच प्रस्तुत अर्जदार या क्षणी दिसत आहे किंवा कसे, याचा खुलासा उलट टपाली करण्यात यावा.