वाक्यात उपयोग

दिगंबरसरांनी ज्याला ‘ऑर्डिनरी’ म्हटलं, ते चुन्याच्या भिंतीसारखं कोरं होऊन जाई. सकाळी बायकोच्या हातचे पोहे तसे झाले, मग अंगणातली तुळस. बायकोनं बोभाटा केला नाही. पोहे चाचपून खाल्ले आणि म्हणाली, “मीठ बरोबर आहे हो.”

दुपारी राममंदिरात दत्तूबुवांचं कीर्तन होतं. सरांच्या शेजारी शाळेचे नवे मुख्याध्यापक बसले होते, शहरातले. त्यांनी विचारलं, “बुवा तुमचे कोण?”

बुवा सरांचे वडील. सर म्हणाले, “ओळखीतले आहेत. कीर्तन काय, ऑर्डिनरीच.”

शब्द तोंडातून पडला आणि पगडीखालून बुवांचा चेहरा गेला. पगडी, उपरणं, चिपळ्या जागच्या जागी. मधे नुसती सफेदी. गाणं मात्र चालूच. रामनामाला चेहरा कशाला लागतोय?

पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना बुक्का लावायचा मान गेली बावीस वर्षं मुलाचा. मागेच बसून सगळं ऐकलेल्या विश्वस्त गणपुलेकाकांनी वाटी पुढे केली.

“चला सर. ओळखीतल्यांना लावता ना?”

बायकांत खसखस पिकली. सर उठले. पायाखालची सतरंजी लांबतच गेली. दोन्ही बाजूंना त्यांचे आजवरचे सगळे विद्यार्थी वह्या उघडून बसले होते. सर पोचले खरे, पण त्या कोरेपणात कपाळ कुठे नि डोळे कुठे, कळेना. बोट डोळ्यात गेलं तर?

“सर,” बुवा म्हणाले. वडिलांनी त्यांना कधी सर म्हटलं नव्हतं. “त्या शब्दाचा अर्थ सांगा. उत्तररंगाला घेतो.”

“साधं.”

पगडी पांढरी झाली.

“आणखी?”

“रोजचं.”

उपरणं गेलं.

“आणखी?”

“नजरेत न भरणारं.”

चिपळ्या गेल्या, छनछन तेवढी उरली.

“अप्पा, पुरे,” सर पुटपुटले. ते देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली.

“असू दे रे बाळा,” कोऱ्या जागेतून आवाज आला. “आता वाक्यात उपयोग कर.”

पेटी थांबली. तबलजीचा हात हवेत राहिला. विद्यार्थ्यांनी पेन्सिली सरसावल्या. ती सफेदी दरवर्षीसारखी जराशी पुढे वाकली, आणि सरांच्या चिमटीतला बुक्का घामानं भिजून काळा ओघळ मनगटाकडे निघाला.